हात साथ देत नसताना दात घासणे : सहायक साधनांची निवड आणि वापर

दिवसातून 2 वेळा, प्रत्येक वेळी 2 मिनिटे, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत, हा नियम अपंग व्यक्तीलाही तसाच लागू आहे. बदलते ते साधन, बसण्याची पद्धत आणि मदतीचे प्रमाण. साधन घेण्याआधी मात्र त्या व्यक्तीला दोन-तीन दिवस नेहमीसारखे दात घासू द्यावेत आणि नेमके कुठे अडते ते शांतपणे पाहावे. मूठ वळत नाही, हात तोंडापर्यंत पोहोचत नाही, हात थरथरतो, पेस्टचे झाकण उघडत नाही, की पुढची पायरी लक्षात राहत नाही? प्रत्येक अडचणीचा उपाय वेगळा असतो, आणि महागडे साधन घरात पडून राहते ते बहुधा हे न पाहता घेतलेले असते.

मूठ वळत नसेल, तर आधी ब्रशची दांडी जाड करावी. संधिवातात किंवा पक्षाघातानंतर बोटे पूर्ण मिटत नाहीत, पण जाड वस्तू धरता येते. फोमची नळी, सायकलच्या हँडलची रबरी मूठ किंवा आरपार चीर दिलेला मऊ रबरी चेंडू दांडीवर चढवला, तरी पुष्कळदा काम भागते. हे आवरण घट्ट बसले पाहिजे, कारण ते दांडीभोवती फिरू लागले की ब्रशचे केस दातांकडून गालाकडे वळतात. मात्र ते काढताही आले पाहिजे, कारण ओला फोम आतून वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते. रोज आवरण उतरवून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाळवाव्यात. पकड मुळीच नसेल, तर तळहाताभोवती वेल्क्रोने बांधायचा पट्टा मिळतो. त्याच्या खिशात ब्रशची दांडी अडकते आणि बोटांची गरजच उरत नाही. खांदा वर उचलत नसेल, तर लांब किंवा वाकवता येणाऱ्या दांडीचा ब्रश घ्यावा आणि कोपर टेबलावर टेकवून घासावे. कोपराला आधार मिळाला की हाताचा कंपही बऱ्याच जणांचा कमी होतो.

विजेवर चालणारा ब्रश उपयोगी आहे, कारण मनगटाची हालचाल तो स्वतः करतो. त्याने घासायचे नसते, प्रत्येक दातावर दोन-तीन सेकंद नुसता टेकवून पुढे सरकायचे असते. त्याची दांडी मुळातच जाड असते, बहुतेक प्रकारांत 2 मिनिटांचा टायमर असतो आणि काहींमध्ये जास्त दाब पडल्यास इशारा मिळतो. परंतु तो जड असतो, त्याचे बटण कमजोर अंगठ्याने दाबले जाईलच असे नाही, आणि स्वमग्न व्यक्तींपैकी काहींना त्याची थरथर व आवाज असह्य होतो. म्हणून शक्य असल्यास घेण्यापूर्वी हातात धरून पाहावा. थरथरीची सवय करायची असल्यास बंद ब्रश आधी हातावर, मग गालावर टेकवावा आणि नंतरच तो सुरू करावा. शरीरात पेसमेकर असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा ब्रश वापरू नये.

दुसऱ्याने दात घासून द्यायचे असतील, किंवा तोंड थोडाच वेळ उघडे राहत असेल, तर माझी पहिली पसंती तीन बाजूंच्या ब्रशला आहे. त्याचे केस दाताला आतून, बाहेरून आणि वरून एकाच वेळी घासतात, त्यामुळे मिळालेल्या अर्ध्या मिनिटात बरेच काम होते. एका हाताने काम करणाऱ्यांसाठी पेस्टचा पंप असलेली बाटली सोयीची, आणि कवळी धुण्यासाठी बेसिनला चिकटणारा ब्रश. दृष्टिहीन व्यक्तीने पेस्ट ब्रशवर घेण्याऐवजी बोटावर किंवा थेट दातांवर घ्यावी. अंदाज चुकत नाही.

पायऱ्या लक्षात राहत नसतील, तर आरशाशेजारी क्रमाने चित्रे लावावीत. शिकवताना बाकी सारे मदतनिसाने करावे आणि शेवटची पायरी त्या व्यक्तीवर सोपवावी. ती जमली की शेवटच्या दोन. रोज काम पूर्ण केल्याचे समाधान तिला मिळते, आणि हे समाधानच दुसऱ्या दिवशी तिला ब्रशकडे आणते. थोडेसे जरी स्वतःला करता येत असेल, तरी तेवढे तिच्याच हातात राहू द्यावे. राहिलेल्या जागा मदतनिसाने नंतर घासाव्यात.

आता सर्वांत नाजूक भाग, म्हणजे ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांचा. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून त्यांना शक्य तितके ताठ बसवावे, हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली असावी आणि डोके मागे कधीही टाकू नये. बसवता येत नसेल, तर कुशीवर वळवावे. पाण्याचा फवारा मारणारे साधन आणि चूळ दोन्ही टाळावे, फेस न होणारी पेस्ट अगदी थोडी घ्यावी आणि तोंडातला ओलावा कापडाने टिपत राहावे. सक्शन यंत्राला जोडायचा ब्रश मिळतो, तो घासता घासता लाळ ओढून घेतो. त्याचा वापर परिचारिकेकडून किंवा थेरपिस्टकडून समोर बसून शिकून घ्यावा. नळीने अन्न घेणाऱ्यांचेही तोंड रोज स्वच्छ करावे लागते, कारण काही खाल्ले नाही तरी त्यांच्या दातांवर कीटण साचतेच. ज्यांना व्यवस्थित गिळता येते त्यांनी पेस्ट फक्त थुंकावी, लगेच चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते.

मदतनिसाने समोरून नव्हे, तर मागून किंवा बाजूने उभे राहावे आणि डोक्याला आपल्या अंगाचा आधार द्यावा. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक आधी लावावेत. बेसिनपाशीच जायला हवे असे नाही. भरपूर उजेड आणि एक वाडगे पुरते. दातांमध्ये बोट घालू नये. तोंड उघडे ठेवण्याचे आधार मिळतात, पण ते दंतवैद्याने दाखवल्यावरच वापरावेत. ब्रश चावून धरल्यास ओढू नये, ओढले की जबडा अधिकच आवळतो. हात स्थिर ठेवून तो सैल होईपर्यंत थांबावे.

हिरड्यांतून थोडे रक्त आले म्हणून घासणे थांबवू नये, मऊ ब्रशने चालू ठेवावे. फेनिटॉइनसारख्या फिट्सवरील औषधाने हिरड्या वाढू शकतात आणि अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते, त्यामुळे दंतवैद्याकडे जाताना औषधांची यादी आणि रोजचा ब्रश त्याच्या आवरणासह सोबत न्यावा, म्हणजे तो कसा धरला जातो आणि कुठल्या दाढा सुटतात हे तिथेच पाहता येते.