वाशिष्ठीच्या खोऱ्यात फिरायला जाताय? या चुका टाळा

चिपळूण म्हणजे गोव्याला जाताना चहाला थांबायचं गाव, अशी मुंबई-पुण्याकडच्या बऱ्याच जणांची समजूत आहे. परशुराम घाटात विसावा पॉइंटला गाडी बाजूला घ्यायची, खाली वळत गेलेल्या वाशिष्ठी नदीचा फोटो काढायचा आणि पुढे निघायचं. ज्यांना त्या फोटोतल्या नदीच्या काठी खरंच उतरायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सह्याद्रीच्या पायथ्यापासून दाभोळच्या मुखापर्यंतच्या या सखल पट्ट्यात मगरी आहेत, कांदळवन आहे, किल्ले आणि जुनी बंदरं आहेत. तरीही अनेक जण ‘काही विशेष दिसलं नाही बुवा’ म्हणत परततात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. माणसं घड्याळ बघून निघालेली असतात, पाणी बघून नाही.

भरती-ओहोटी न विचारता होडी ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून निघतात.

चिपळूणजवळचा गोवळकोट धक्का समुद्रापासून चाळीसेक किलोमीटर आत आहे, पण भरतीचं पाणी तिथवर चढतं. पूर्वी मालाची गलबतं याच पाण्यावर चिपळूणपर्यंत यायची. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा. षष्ठी असेल तर सहा पाऊणे साडेचार, म्हणजे भरती साडेचारच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी साडेदहाच्या आगेमागे. अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री येते. हा अंदाज मुखाकडचा. खाडीत आत पाणी चढायला आणि उतरायला उशीर लागतो, म्हणून आतल्या धक्क्याची नेमकी वेळ तिथल्याच होडीवाल्याला विचारायची.

आता गंमत बघा. लोक हौसेने पौर्णिमेचा शनिवार-रविवार निवडतात. त्या दिवशी उधाण. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, पण तळ गाठणारी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. तुम्ही नाश्ता करून अकराला धक्क्यावर पोचता तेव्हा खाडी भरत आलेली असते आणि मगरींना पडून राहायला लागणारा चिखलाचा काठ पाण्याखाली गेलेला असतो. मगर दिसत नाही आणि दोष होडीवाल्याला लागतो. त्यापेक्षा पंचमी ते अष्टमी बरी. तेव्हा भांग असतो, पाणी फार उतरत नाही हे खरं, पण जे उतरतं ते उन्हं वर आल्यावर. थंडीत मगरीला नेमकी तीच वेळ हवी असते. तिचं रक्त थंड, अंग तापवल्याशिवाय तिचं काही चालत नाही. डिसेंबर-जानेवारीतली ऊन पडलेली ओहोटी मिळाली तर सहसा रिकाम्या हाताने यावं लागत नाही.

उलट ओहोटी अगदी तळाला असताना निघालात तर होडी मध्येच गाळावर टेकू शकते. अशा वेळी ‘आम्ही उतरून ढकलतो’ हा उत्साह दाखवू नका. बसून राहा, भरती लागली की होडी आपोआप उचलते. खाली किती गाळ आहे आणि त्यात आणखी कोण आहे, हे वरून कळत नाही.

पाऊस नाही म्हणजे पाणी वाढणार नाही, असं धरणं

चिपळूणच्या वरच्या बाजूला ही चूक जिवावर बेतू शकते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला येतं, पोफळी-कोळकेवाडीकडे वीज तयार करून वाशिष्ठीत सुटतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. म्हणून कोकणातल्या इतर नद्यांची पात्रं एप्रिलमध्ये कोरडी पडत असताना वाशिष्ठी वाहती असते. विजेची मागणी जशी असेल तसं पाणी कमीजास्त होतं, आकाश निरभ्र असलं तरी. पात्रातल्या खडकांवर डबे उघडून बसायचं असेल तर आधी काठावरच्या माणसाला विचारा, आणि खडकावर पाण्याची ओली रेघ दिसली तर तिच्या खाली बसू नका.

पावसाळ्याबद्दल तर सांगायलाच नको. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन तारखा इथे कुणालाही विचारा. वरून पावसाचा लोंढा आणि खालून भरती, दोन्ही एकदम आले की पाण्याला जायला जागा राहत नाही आणि ते बाजारपेठेत शिरतं. जुलै-ऑगस्टात हिरवाई बघायला जरूर या, पण मुक्काम नदीकाठच्या सखल भागात घेऊ नका. अंगावर जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालू नका, लेप्टो तापाची साथ कोकणाला नवी नाही. मुसळधार पावसात परशुराम घाटात दरड येऊन वाहतूक अडते, तेव्हा परतीला एक दिवस हातात ठेवा.

चिखल, कांदळवन आणि मगर यांना हलक्यात घेणं

खाडीकाठचा चिखल वरून वाळल्यासारखा दिसतो. दोन पावलं टाकली की गुडघाभर. अडकलात तर पाय सरळ वर उपसू नका, तेवढ्याने दुसरा पाय आणखी आत जातो. मागे रेलून बसा, वजन पसरू द्या, पाऊल हळूहळू हलवत बाजूने सोडवा. चप्पल गेली तर जाऊ द्या. अनवाणी चालणंही नको, कालवांच्या शिंपल्यांच्या कडा तळपाय कापतात. कांदळवनात मारांडीची काटेरी पानं वेगळीच.

चिपी, तिवर, कांदळ ही झाडं म्हणजे नुसती ‘झुडपं’ नव्हेत. २०२० मध्ये राज्याने पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. वाटेत येते म्हणून फांदी मोडणं, शेकोटीला लाकूड घेणं हा गुन्हा ठरतो. आणि झाडं न हलवता थोडं थांबलात तर खंड्या, तुतवार, बगळे दिसतातच. मुखाकडे वरती समुद्री गरुड घिरट्या घालतो. नशीब असेल तर पाणमांजरांचं एखादं कुटुंब काठावर येतं.

मगरीबाबत एकच ठाम मत आहे. होडी जवळ न्यायला सांगणारा प्रवासी मला आवडत नाही. जवळ गेलात की ती पाण्यात सरकते, तिचं ऊन संपतं, मागून येणाऱ्या होडीलाही काही दिसत नाही. दगड मारून ‘हलवणारे’ लोकही बघितले आहेत. वन्यजीव कायद्याने हा प्राणी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं. उन्हाळ्यात मादी काठावर खड्डा करून अंडी घालते आणि राखण करते, त्यामुळे मार्चनंतर वाळूच्या काठांवर पायी भटकणं टाळा. हात पाण्यात सोडून बसणं तर कधीच नको.

किल्ले सुटे सुटे बघणं

गोवळकोटच्या गोविंदगडावर जाऊन ‘एवढासाच?’ म्हणणारे बरेच भेटतात. एकटा बघितला तर छोटाच आहे. पण तटावर उभं राहून नदीचं वळण बघा आणि मग अंजनवेलचा गोपाळगड बघा. एक खाडीच्या आतल्या टोकाला, दुसरा मुखावर. दोन्ही ज्याच्या हाती, खाडी त्याची. जंजिऱ्याच्या सिद्दींचा सरदार सिद्दी सात याच दोन ठाण्यांचा सुभेदार होता. १७२७ मध्ये त्याने परशुरामाचं देवस्थान लुटलं, पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी दुखावले, आणि १७३६ मध्ये चिमाजीअप्पांनी त्याला लढाईत मारलं. परशुराम, गोवळकोट, अंजनवेल हा क्रम डोक्यात ठेवून फिरलात तर तीन ठिकाणांची एक गोष्ट होते.

दाभोळचंही तसंच. फेरीबोटीची वाट बघताना लोक पाठीमागच्या सतराव्या शतकातल्या मशिदीकडे वळूनही बघत नाहीत. विजापूरच्या धाटणीचा तो घुमट या बंदराची ऐपत सांगतो. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात इथूनच परत निघाला, आणि १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदाने हेच बंदर जाळलं. आत जायचं असेल तर विचारून, नमाजाची वेळ सोडून.

पन्हाळेकाजीची लेणी दापोली तालुक्यात, कोटजाईच्या काठी. लेणी २९ आहेत, पण एकोणतिसावं इतरांपासून लांब आहे. बौद्ध, शैव, नाथपंथी असे सगळे थर असलेल्या या जागेतली नाथसिद्धांची शिल्पं बघायची राहून गेली तर फेरी अर्धीच. आधीच रखवालदाराला वाट विचारा.

देवळांबद्दल एक छोटी सूचना. शिमग्यात देवी गाभाऱ्यात भेटेल असं धरून येऊ नका, ती पालखीत बसून गावात फिरत असते. पालखी कुठे आहे ते विचारा आणि तिथे जा, जास्त मजा तिथेच आहे. देवराईतली पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही.

शेवटची फेरी चुकली तर

दाभोळ आणि गुहागरकडच्या काठावरचं धोपावे समोरासमोर दिसतात, गाडीसकट पलीकडे जायला काही मिनिटं लागतात. म्हणूनच लोक निवांत राहतात. शेवटची फेरी गेली की गुहागरला पोचायला चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा फेरा, तोही रात्री, वळणांच्या रस्त्याने. सकाळी धक्क्यावर आलात की पहिल्यांदा शेवटच्या फेरीची वेळ विचारून घ्या. पावसाळ्यात आणि वादळी वाऱ्यात फेऱ्या बंदही राहतात. सुटे पैसे जवळ ठेवा, खाडीकाठच्या वाडीत मोबाईलला रेंज असेलच असं नाही. आणि चुकलीच फेरी, तर रात्री घाई करून फेरा मारण्यापेक्षा दाभोळातच खोली मिळते का ते बघा.