शाश्वततेचं रेटिंग: 'प्लॅटिनम'च्या मागे लागताना या चुका टाळा

डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) मंजूर होतो, टेंडर निघतं, कंत्राटदाराची पोकलेन साइटवर येते. मग कुणाला तरी आठवतं की या कामाला शाश्वततेचं रेटिंग, म्हणजे निसर्ग, लोक आणि आपत्ती यांचा किती विचार केला त्याचं मानांकन, घ्यायचं होतं. घाईघाईने सल्लागार नेमतात, तो जुन्या फाइली उपसतो आणि झालेल्या कामाला गुण शोधत बसतो. सगळ्यात महागडी चूक हीच. बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातून निघतात.

एन्व्हिजन ही अमेरिकेतली पद्धत उदाहरणाला घेऊ, कारण ती इमारतींसाठी नसून रस्ते, पूल, पाणीपुरवठा, बंदरं अशा कामांसाठीच बनवली आहे. तिथल्या अभियंत्यांच्या आणि सार्वजनिक बांधकाम क्षेत्रातल्या तीन संघटनांनी मिळून २०१० मध्ये एक संस्था काढली आणि हार्वर्ड विद्यापीठातल्या एका गटासोबत ही पद्धत उभी केली. २०१३ मध्ये तिचं पहिलं मानांकन मिळालं ते अलास्कातल्या मत्स्यबीज केंद्राला, कुठल्याही चकचकीत पुलाला नाही. सध्याच्या आवृत्तीत पाच गटांत ६४ निकष आहेत: जीवनमान, नेतृत्व, संसाधनं, निसर्ग, आणि पाचवा 'हवामान आणि तग' (तग म्हणजे आपत्तीत टिकून राहण्याची क्षमता). लागू गुणांपैकी २० टक्के मिळाले तर 'व्हेरिफाइड', ३० ला सिल्व्हर, ४० ला गोल्ड आणि ५० ला प्लॅटिनम.

पन्नास टक्क्यांना प्लॅटिनम म्हणजे खिरापत वाटली, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं. पण इथे गुणांची मोजणीच नेहमीच्या पद्धतीच्या वर सुरू होते. नियमाप्रमाणे चोख काम केलं तर गुण शून्य.

कायदा पाळला म्हणून गुण मागणं

फ्लाय ॲश (कोळसा जळून उरलेली राख) वापरली, गुण द्या. पण औष्णिक वीजकेंद्राच्या ३०० किलोमीटरच्या परिघात बांधकामात राख वापरणं केंद्राच्या अधिसूचनेनुसार ठरावीक अटींवर बंधनकारकच आहे. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी लावली, हेही तसंच. शहरी भागात १९७५ चा वृक्ष कायदा ते करायलाच लावतो. रस्ता दहा मीटर सरकवून जुने वड वाचवले आणि तो बदल ड्रॉइंगवर दिसतोय, तर मात्र बोलता येतं. असे बदल आखणीच्या टप्प्यावरच होतात. खोदकाम सुरू झाल्यावर एलईडी दिवे आणि छतावरचं सोलर, एवढंच हातात राहतं.

'लागू नाही' हा हुकमाचा एक्का समजणं

लागू नसलेला निकष एकूण गुणांतून वगळला जातो, त्यामुळे टक्केवारी वाढते. मग खाडीकाठच्या रस्त्याच्या फॉर्मवरही पाणथळ जागेच्या निकषासमोर 'लागू नाही' लिहिलेलं सापडतं. तपासणारा त्रयस्थ असतो आणि तो नकाशा उघडून बघतो. प्रामाणिकपणे शून्य घ्यावं. एक खोटं सापडलं की बाकीच्या कागदांकडेही तो संशयानेच पाहतो.

'शंभर वर्षांत एकदा येणारा पूर धरलाय' म्हणून निश्चिंत होणं

'हवामान आणि तग' या गटात सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. एकदा येऊन गेला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षं सुट्टी मिळत नाही. पूल पन्नास वर्षं वापरायचा असेल, तर त्या काळात तो पूर निदान एकदा तरी येण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के निघते (०.९९ चा पन्नासावा घात काढा आणि १ मधून वजा करा). आपल्याकडे निळी पूररेषा २५ वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. निळ्या रेषेच्या जरा बाहेर पंपघर बांधलं, तर तीस वर्षांत त्यात पाणी शिरण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त असू शकते. शिवाय हा सगळा हिशेब जुन्या पावसाच्या नोंदींवर. पाऊस बदलला की रेषाही सरकते.

मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नंतर क्षमता ५० मिलिमीटरवर न्यायचं काम सुरू झालं, पण खरी मेख भरतीची होती. गटाराचं तोंड भरतीच्या पातळीखाली असेल, तर पाइप कितीही मोठा घाला, पाणी समुद्रात जाणार नाही; म्हणून पंपिंग स्टेशनं लागली. अर्जात फक्त पावसाचा तक्ता जोडला असेल आणि भरतीची पातळी कुठेच नसेल, तर तो अर्ज अर्धवट आहे.

आपलं काम उभं राहिलं की भागलं, असं मानणं

पंप उत्तम आहेत, पण त्यांना वीज कुठून येते? २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या पूर्व १३ व्या रस्त्यावरचं सबस्टेशन बुडालं. साडेबारा फुटांपर्यंतचं पाणी धरून तिथे बंदोबस्त होता. पाणी आलं सुमारे चौदा फूट. मॅनहॅटनचा दक्षिण भाग अंधारात गेला, आणि त्या विजेवर चालणाऱ्या सगळ्याच यंत्रणा, स्वतः शाबूत असल्या तरी, निकामी झाल्या. अर्ज भरण्याआधी एक साधी यादी करा: वीज, रस्ता, फोन, डिझेल. यातलं एकेक बंद पडलं तर काम किती तास चालेल? जनरेटर तळघरात असेल तर आधी तो वर चढवा, फॉर्म नंतर भरा.

अर्धवट अवस्थेचा विचारही राहून जातो. २६ मे २०२५ ला मुंबईच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं ते बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशद्वाराची पाणी अडवणारी भिंत कोसळून. मान्सून ठरलेल्या तारखेआधी आला होता. तात्पुरत्या भिंतीचं डिझाइन कुणी तपासलं, हा प्रश्न तुमच्या जोखीम तक्त्यात असायलाच हवा.

फोटोंना पुरावा समजणं

लोकसहभागाच्या निकषाखाली ग्रामसभेची हजेरी, बॅनरसकट फोटो आणि चहापाण्याचं बिलसुद्धा जोडलेलं असतं. तपासणारा विचारतो, सभेमुळे ड्रॉइंगमध्ये काय बदललं? लोक म्हणाले, मोरी अरुंद आहे, उसाची ट्रॉली वळत नाही. मग सभेच्या इतिवृत्तात ते वाक्य, सुधारित ड्रॉइंगवर वाढलेली रुंदी आणि सभेनंतरची तारीख, असे कागद एकापाठोपाठ लावा. फोटो नसले तरी चालतील.

काम सुरू झालंय, आता काय?

सगळंच हातचं गेलेलं नसतं. एन्व्हिजनमध्ये बांधकाम पूर्ण झाल्यावर थेट तपासणीचा मार्ग आहे. डिझाइनवर आधी मानांकन घेतलं असेल, तर बांधकामानंतर पुन्हा पडताळणी होतेच, त्यामुळे कागदावरचं जमिनीवर उतरवावंच लागतं. सिमेंटचा प्रकार, खोदलेल्या मुरमाचा जागेवरच वापर, विजेच्या पॅनेलची उंची आणि गटाराच्या तोंडाची पातळी अजून बदलता येतात का, ते या आठवड्यातच बघा; एकदा काँक्रीट पडलं की या गोष्टींना हात लावता येत नाही. दोष दायित्व कालावधी (कंत्राटदाराने दोष स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर पंपांची देखभाल कोण करणार आणि पैसा कुठल्या लेखाशीर्षातून येणार, हे पत्रही आत्ताच मिळवून ठेवा. कंत्राटदार साइट सोडून गेला की त्या पत्रावर सही करायला कुणी सापडत नाही.