रक्ताचे नमुने मास स्पेक्ट्रोमेट्रीला देण्याआधी

परभणी, बीड, धाराशिवकडून संशोधक विद्यार्थी आमच्या विद्यापीठाच्या सामायिक मास स्पेक्ट्रोमेट्री प्रयोगशाळेत (इथं रेणूंचं वजन मोजून रक्तात काय आहे ते ओळखतात) येतात तेव्हा हमखास विचारतात, "सर, मशीन कधी मोकळं आहे?" मी विचारतो, रक्त काढल्यावर किती वेळानं सेंट्रिफ्यूज केलं, म्हणजे वेगानं फिरवून पेशी वेगळ्या केल्या? बायोमार्करचं, म्हणजे आजाराची खूण सांगणाऱ्या रेणूचं, बरंवाईट बहुतेक वेळा तिथंच ठरून जातं. म्हणून कळकळीनं सांगतो, नमुने गोळा करण्याआधी येऊन भेटा.

प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून रक्ताचा द्रव भाग, हवा असेल तर जांभळ्या टोपणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी घ्या आणि शेवटपर्यंत तीच वापरा. रुग्णांचं रक्त ईडीटीएत आणि निरोगी माणसांचं हेपॅरिन या दुसऱ्या गोठणरोधकात घेतलंत, तर दिसलेला फरक आजाराचा की नळीचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. नळी आठ-दहा वेळा अलगद उलटीपालटी करा, झटकू नका. लगेच बर्फात ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत फिरवा. नळीतही रक्तपेशी जिवंत असतात. साध्या तापमानाला त्या तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज संपवतात आणि लॅक्टेट वाढत जातं. मे महिन्यात गावात शिबिर असेल तर बर्फाची आणि सेंट्रिफ्यूजसाठी विजेची सोय आदल्या दिवशीच बघून ठेवा.

सेंट्रिफ्यूज असं चालवा: ४ अंशांवर, २००० जी, १० मिनिटं. वहीत आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे, जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) लिहा. रोटर (नळ्या धरणारा फिरता भाग) बदलला की त्याच आरपीएमला जोर वेगळा पडतो. वरचा पिवळसर थर हळू ओढून घ्या, खालच्या पांढुरक्या थराला टोक लागू देऊ नका. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत. तो नमुना वेगळा ठेवून तशी नोंद करा. लपवू नका, मला ते आकड्यांत दिसतंच.

१००-१०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांत ठेवा, म्हणजे एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवावी लागत नाही. आणताना ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरा. डबा हवाबंद करू नका, गॅस कोंडून तो फुटू शकतो. गाडीच्या काचाही थोड्या उघड्या ठेवा.

ट्वीन, ट्रायटन, एसडीएस या साबणासारख्या रसायनांचा थेंबही नमुन्यात नको. ट्वीन किंवा ट्रायटन आलं की स्पेक्ट्रममध्ये (मशीनच्या आलेखात) ४४-४४ डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) अंतरानं शिखरांची शिडी उभी राहते, तुमचा बायोमार्कर तिच्याखाली दबतो. मग मशीन धुण्यात वेळ जातो आणि रांगेतल्या दुसऱ्या कुणाचं तरी काम अडतं. फॉस्फेट बफरही टाळा, तो उडून न जाता मशीनच्या सोर्सवर (जिथं रेणूंवर विद्युतभार चढतो) साचतो. अमोनियम फॉर्मेट चालेल.

रुग्ण आणि निरोगी यांचे नमुने मशीनवर चालवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून मिसळा. सगळ्यांतलं थोडं थोडं घेऊन एक क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा, नमुना बनवा, तो मी दर दहा नमुन्यांनंतर चालवतो. नीतिशास्त्र समितीच्या परवानगीची प्रत सोबत हवीच.

आणि सगळे भाग एकाच फेरीत आणू नका. प्रत्येक नमुन्याचा एक तरी भाग तुमच्याच फ्रीझरमध्ये राहू द्या.