सिडनीत तलावाचे घर घेतले असेल, तर आधी पंपाचा टायमर पाहा

सिडनीच्या वायव्य उपनगरांत, विशेषतः कॅसल हिल आणि बॉल्कम हिल्सच्या परिसरात, आपल्या लोकांनी पोहण्याच्या तलावासह घर घेतले की काही दिवसांतच मला फोन येतो आणि पहिला प्रश्न हीटरचा असतो. मी मात्र पंपापासून सुरुवात करतो. तलाव गरम करणे ऐच्छिक आहे. पाणी गाळणीतून फिरवणारा पंप मात्र बाराही महिने चालवावा लागतो, आणि गरम न केलेल्या तलावाची बहुतेक सगळी वीज तोच खातो.

माझी चूक सविस्तर सांगतो, कारण त्यानंतर तीन ओळखीच्या घरांत मी तीच घडलेली पाहिली आहे. पंपाच्या टायमरला एक लहानसा खटका असतो. तो एका बाजूला असेल तर पंप ठरवलेल्या वेळीच चालतो, आणि दुसऱ्या बाजूला असेल तर सतत चालू राहतो. पहिल्या उन्हाळ्यात तळाचा गाळ काढताना मी तो सततच्या बाजूला केला आणि परत फिरवायला विसरलो. पंपाचा आवाज रात्रीही कानावर येत होता, पण तलाव म्हटला की एवढा आवाज असायचाच, असे मी समजत राहिलो. माझे वीजबिल तीन महिन्यांनी येत असे, त्यामुळे चूक कळेपर्यंत तिमाही संपली होती. हिशेब असा आहे: 1.1 किलोवॅटचा पंप 8 तास चालला तर दिवसाला सुमारे 9 युनिट लागतात, आणि 24 तास चालला तर 26. नव्वद दिवसांत जवळजवळ 1,600 युनिट अधिक जळतात, म्हणजे युनिटला 30 सेंट धरले तरी सुमारे 475 डॉलर विनाकारण जातात. म्हणून घराच्या किल्ल्या हातात आल्यावर पहिल्याच संध्याकाळी हा खटका पाहावा, आणि तलावाची देखभाल करणारा माणूस येऊन गेल्यावर दर वेळी पुन्हा पाहावा.

टायमर जुन्या फिरत्या तबकडीचा असेल, तर वीज गेल्यावर तो थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. ऑक्टोबर आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी येथील घड्याळे बदलतात, तेव्हाही तो हातानेच लावावा लागतो.

पंप जुना, एकाच गतीचा असेल, तर तो बंद पडेपर्यंत थांबू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. गती निम्मी केली की पाण्याचा प्रवाह निम्मा होतो, परंतु लागणारी शक्ती तत्त्वतः आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजे दुप्पट वेळ चालवूनही तेवढेच पाणी पाव विजेत गाळले जाते. प्रत्यक्षात बचत याहून थोडी कमी होते, तरीही ती मोठीच असते. येथे 2022 पासून घरगुती तलावांच्या पंपांवर ताऱ्यांचे ऊर्जा-लेबल सक्तीचे आहे. ते वाचूनच खरेदी करावी. आपली माणसे भाताचा कुकर घेताना चार दुकाने फिरतात, आणि पंप मात्र सांगेल तो घेतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मिठावर चालणारे क्लोरिन-यंत्र असेल, तर कमी गतीवर त्याला पुरेसा प्रवाह मिळतो ना, एवढे तपासून घ्यावे.

छतावर सौर पॅनेल असतील, तर पंप भर दुपारी चालवावा, कारण ग्रिडला विकलेल्या विजेचा भाव विकत घेतलेल्या विजेपेक्षा पुष्कळच कमी मिळतो. वेळेनुसार दर असतील, तर संध्याकाळ टाळावी. उन्हाळ्यात 6 ते 8 तास आणि हिवाळ्यात 3 ते 4 तास मला पुरतात. गार पाण्यात शेवाळ सावकाश वाढते, तरीही पुष्कळ जण येथल्या हिवाळ्यात, जुलैतही, जानेवारीचेच उन्हाळी वेळापत्रक ठेवतात. नोव्हेंबरात जॅकरंडाची फुले पडू लागली की स्किमरची, म्हणजे पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या काठावरच्या तोंडाची, टोपली रोज रिकामी करावी. ती तुंबली की पंप तेवढेच तास चालूनही पाणी नीट गाळले जात नाही.

हीटर घ्यायचाच असेल, तर आधी आच्छादन घ्या. तलावाची उष्णता मुख्यतः बाष्पीभवनातून जाते. 8 बाय 4 मीटरच्या तलावातून दिवसाला 5 मिलिमीटर पाणी उडाले, तर 160 लिटर पाण्याबरोबर शंभराहून अधिक युनिटांइतकी उष्णता जाते. हीटर रात्रभर चालवून ती भरून काढण्यात अर्थ नाही. बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे आच्छादन बुडबुडे खाली ठेवून पसरावे, आणि पोहण्यापूर्वी ते पूर्ण गुंडाळावे, अर्धवट कधीही नाही, कारण त्याखाली अडकलेले मूल वरून दिसत नाही. आच्छादन म्हणजे कुंपण नव्हे. किमान 1.2 मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक हा येथील कायदा आहे, आणि आच्छादन घातले म्हणून ते फाटक विटेच्या टेकूने उघडे ठेवलेले मी आपल्याच एका घरी पाहिले आहे; ती वीट त्याच वेळी काढायला लावली.