स्वस्तात यूपीएस घेताय? घरच्या कॉम्प्युटरला बॅकअप घेताना या चुका टाळा

वळीव सुरू झाला की बेळगावात कॉम्प्युटरच्या दुकानात यूपीएस (लाईट गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) मागणारी गिऱ्हाइकं वाढतात. दुपारी रणरणतं ऊन, चार-पाचला आभाळ भरून येतं, वारं सुटतं, कुठंतरी फांदी तारेवर पडते आणि लाईट गेली. जून-जुलैत खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तर विचारूच नका, हेस्कॉम ह्या वीज कंपनीचा १९१२ नंबर लावत बसायचं. मग माणूस घाईघाईत दुकानात जातो, जे स्वस्त दिसेल ते उचलतो आणि पुढच्या पावसाळ्यात परत त्याच काउंटरवर उभा असतो.

मी शहापूरला घरीच डीटीपीचं काम करते. मराठी-कन्नड लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, पावतीपुस्तकं असलं सगळं. लग्नसराईत लाईट जाऊन सेव्ह न केलेली पत्रिका उडाली की दोन्हीकडच्या आजोबा-पणजोबांपासूनची नावं परत टाईप करायची, कन्नड नावांचं प्रूफ परत कुणाकडून तरी वाचून घ्यायचं, आणि गिऱ्हाईक तर संध्याकाळी न्यायला येणार असतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात महागात पडणारी चूक: बॅटरीची तारीख न बघणं

यूपीएस म्हणजे एक सर्किट, एक ट्रान्सफॉर्मर आणि एक बॅटरी. सर्किट पाच-सात वर्षं सहज चालतं. बॅटरी मात्र नाशवंत माल आहे, भाजीसारखा. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते आणि ती नीट वापरली तर दोन-तीन वर्षं जाते. पण ती डब्यात नुसती पडून असली तरी हळूहळू उतरते. साधारण सहा महिन्यांतून एकदा तिला चार्ज मिळायला लागतो, नाहीतर आतल्या प्लेटींवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि तो घट्ट झाला की नंतर कितीही चार्ज करा, बॅटरी भरल्यासारखी दाखवते आणि लोड (कॉम्प्युटरचा भार) आला की बसते.

माझ्यासोबत हेच झालं. दिवाळीच्या ऑफरमध्ये एका दुकानात यूपीएस चांगला आठशे रुपयांनी कमी मिळाला, मी खूश. पहिला महिनाभर दहा मिनिटं बॅकअप, मग पाच, आणि फेब्रुवारीत तर लाईट गेली की यूपीएस एकदा टुक करून कॉम्प्युटरसकट बंद. मागचं झाकण काढून बघितलं तर बॅटरीवर अडीच वर्षांपूर्वीची तारीख. म्हणजे मी घ्यायच्या आधी ती दोन वर्षं गोडाऊनमध्ये बिनचार्जची पडून होती. दुकानात गेले तर म्हणाले बॅटरी वॉरंटीत येत नाही. बिलावर बघितलं तर खरंच एका ओळीत तसं लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं.

नवीन बॅटरीला साधारण हजार-बाराशे लागतात. म्हणजे वाचवलेले आठशे गेले, वर अजून गेले, आणि मधले दोन महिने काम अडलं ते वेगळंच. त्यामुळं आता कुठलीही ऑफर असू दे, आधी काउंटरवर विचारायचं, "अण्णा, डबा फोडून मॅन्युफॅक्चरिंगची तारीख दाखवा की." डब्यावर महिना-वर्ष छापलेलं असतंच, आणि बॅटरीचं झाकण उघडता येत असेल तर बॅटरीवरचीही तारीख बघा, कुठं सरळ महिना-वर्ष असतं, कुठं कोड असतो, कोड असेल तर दुकानदारालाच वाचायला लावा. सहा महिन्यांच्या आतला माल असेल तर बिनधास्त घ्या. वर्षाच्या वर गेला असेल तर किंमत कितीही पाडली तरी नको, किंवा नवीन बॅटरी घालून द्या म्हणायचं आणि ते बिलावर लिहून घ्यायचं. चांगल्या कंपन्या बॅटरीसकट दोन वर्षं वॉरंटी देतात, काही फक्त सर्किटला देतात. हा फरक दोन-चारशे रुपयांच्या डिस्काउंटपेक्षा मोठा आहे.

बॅटरी बदलताना पण फसगत होते, आणि ती ओळखायची एक साधी रीत आहे, वजन. चांगली १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी साधारण दोन किलोच्या वर भरते, कारण आत शिसं असतं. मला पहिल्यांदा जी "सेम टू सेम, फक्त कंपनी वेगळी" म्हणून सहाशेला मिळत होती ती हातात घेतल्यावरच हलकी वाटली. शेजारच्या किराणा दुकानातल्या काकांच्या काट्यावर ठेवली तर एक किलो सहाशे ग्रॅम. काका म्हणाले, "अक्का, शेंगदाण्याचं पोतं असतं तर मी परत पाठवलं असतं." मी पण परत पाठवली. लेबलवर ७ एएच लिहिलं म्हणून आत तेवढं शिसं असतंच असं नाही.

व्हीए म्हणजे वॉट नव्हे

दुकानात सगळे सहाशे, अकराशे असे आकडे बोलतात, ते व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. तुमचा कॉम्प्युटर खातो वॉट. ६०० व्हीएचे बरेच मॉडेल ३६० वॉटपर्यंतच झेपवतात, अकराशेवाले ६६० च्या आसपास, आणि अगदी स्वस्तातले त्याहून कमी. बारीक अक्षरात मागं लिहिलेलं असतं, ते वाचा. ऑफिसकामाचा साधा पीसी आणि २२ इंची मॉनिटर मिळून शंभर-सव्वाशे वॉटच्या आत येतं, त्याला ६०० पुरतं. पण पोराच्या गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड आहे, तो गेम चालू असताना ३६० च्या वर सहज जाऊ शकतो, त्याला ६०० व्हीए लावला तर लाईट गेली की यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारून बंदच पडणार.

आणि "अर्धा तास बॅकअप" ह्या बोलण्यावर जाऊ नका. हिशोब बघा, १२ व्होल्ट गुणिले ७ एएच म्हणजे ८४ वॉट-तास, तेही बॅटरी वीस तासांत सावकाश उतरवली तर. यूपीएस तिला मिनिटांत पिळतो, तेव्हा निम्मंच हाताला लागतं, लोड मोठा असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे सव्वाशे वॉटला पंधरा-वीस मिनिटं आणि तीनशे वॉटला चार-पाच मिनिटं, तीही बॅटरी नवीन असताना. फाईल सेव्ह करून व्यवस्थित शटडाऊन करायला एवढं भरपूर आहे, दोन तास काम करायचं असेल तर ते इन्व्हर्टरचं काम.

गोव्याला स्वस्त, कोल्हापूरला स्वस्त

आमच्याकडं अजून लोकांच्या डोक्यात आहे की गोव्याला टॅक्स कमी, म्हणून गाडी काढून पणजीला जायचं. पूर्वी राज्याराज्यांचा व्हॅट वेगळा होता तेव्हा ठीक होतं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा सगळीकडं रेट एकच. तिकडं स्वस्त मिळालं तर ते दुकानदाराच्या मार्जिनमुळं किंवा जुन्या स्टॉकमुळं, आणि जुना स्टॉक म्हणजे काय ते वर सांगितलंच. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, त्यांनी तिथं घ्यावंच, पण घेताना विचारा की वॉरंटी कंपनीची आहे का दुकानाची. कंपनीची असेल तर तुमच्या गावाजवळचं सर्व्हिस सेंटर चालतं. दुकानाची असेल तर बॅटरीसकट चार-पाच किलोचा डबा घेऊन परत तिथंच जायला लागेल. बिल पक्कं घ्या, त्यावर सिरियल नंबर पाहिजेच.

अजून एक, घरगुती यूपीएसला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आर अक्षरानं सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम.

डिस्प्ले पीस आणि ओपन बॉक्स (आधीच डबा फोडलेला माल) घ्यायला माझी हरकत नाही, त्यात खरंच बरी सूट मिळते. अट एकच, दुकानातच लोड लावून दाखवायचा. शंभर वॉटचा पिवळा बल्ब किंवा त्यांचाच एखादा कॉम्प्युटर लावा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि दहा मिनिटं तिथंच थांबा. दुकानदार कंटाळला तरी थांबा.

लाईट आहे पण व्होल्टेज नाही

चिकोडी, अथणी, रायबाग ऊसपट्ट्यात पंपांचा थ्री फेज सुरू झाला की घरातला बल्ब मंद होतो. २३० च्या जागी १६० - १७० येतं. यूपीएसची इनपुट रेंज, म्हणजे आत येणारं व्होल्टेज किती कमी-जास्त चालतं ते, मोठी असेल, साधारण १४० ते ३०० व्होल्ट, तर तो आतल्या एव्हीआरवर (व्होल्टेज सावरणारं सर्किट) सांभाळून घेतो. रेंज लहान असेल तर लाईट असूनही तो दर थोड्या वेळानं बॅटरीवर जातो, आणि रोज अशी तासन् तास ये-जा झाली की बॅटरी वर्षभरात संपते. मग लोक कंपनीला शिव्या देतात. खेड्यात राहत असाल तर डिस्काउंटच्या आधी ही रेंज बघा.

घरी आणल्यावरच्या चुका

बऱ्याच मॉडेलमध्ये वाहतुकीसाठी बॅटरीची एक वायर काढून ठेवलेली असते. ती जोडायची असते, लाल लालला, काळी काळ्याला. न जोडताच लावला की तो बोंबलतो, आणि लोक खराब आहे म्हणून परत नेतात. जोडल्यावर आधी सात-आठ तास नुसता चार्जिंगला ठेवा, लगेच बॅकअप टेस्ट करून निराश होऊ नका.

लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावायचा नाही. आतला हीटर सुरू होताना एकदम मोठा झटका घेतो आणि लहान यूपीएस तिथंच आडवा होतो. मी स्वतः रोज प्रिंटर वापरते, त्याला वेगळं भिंतीचं सॉकेट. इस्त्री, मिक्सर तर सोडाच. वायफायचा राऊटर मात्र खुशाल लावा, दहा-पंधरा वॉटच खातो.

घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर यूपीएस त्याच्यामागं लावण्याआधी इन्व्हर्टर कुठल्या जातीचा ते बघा. जुन्या स्क्वेअर वेव्हच्या (चौकोनी लाटेची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरची लाईट यूपीएसला पटत नाही, तो सारखा टक-टक करत बॅटरीवर जातो आणि घरात लाईट असून कॉम्प्युटर बंद पडतो. प्युअर साईन वेव्ह (भिंतीतल्या लाईटसारखी गुळगुळीत लाट) असेल तर ही भानगड नाही, आणि त्याला मागं यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करून साधा पीसी थेट इन्व्हर्टरवर पण चालतो. मग वेगळ्या यूपीएसचे पैसेच वाचले.

अर्थिंगकडं कुणी बघत नाही. जुन्या गल्ल्यांतल्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वायरमनला बोलावून तपासून घ्या, हे स्वतः करायचं काम नाही. आणि कडाडून वीज होत असेल तर यूपीएस आहे म्हणून निवांत बसू नका, प्लग काढा, नेटची केबल पण काढा.

टेबलाच्या बंद कप्प्यात यूपीएस ठेवू नका. उष्णता दहा डिग्रीनं वाढली की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. पावसाळ्यात जाळीतून झुरळं आणि पाली आत जातात, म्हणून जमिनीपासून जरा वर, भिंतीपासून चार बोटं लांब.

आवाजावरून रोग ओळखा

दर काही सेकंदांनी एक बीप म्हणजे बॅटरीवर चाललाय, हे नॉर्मल. बीप भराभर यायला लागली की बॅटरी संपत आली, सेव्ह करा. सलग लांब शिट्टी बहुतेक ओव्हरलोडची, लगेच काहीतरी काढा. यूपीएस अजिबातच सुरू होत नसेल तर आधी मागं बघा, काहींना बारीक काळं बटण असतं, ओव्हरलोड झाल्यावर ते बाहेर येतं, दाबून आत घातलं की झालं. काहींना फ्यूज असतो. एवढ्यासाठी रिपेअरवाले दोनशे रुपये घेतात.

यूपीएस चालू राहतो आणि कॉम्प्युटर तेवढा रिस्टार्ट होतो, ह्या तक्रारीत बॅटरीला दोष देऊ नका. हल्लीच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरच्या आतला पॉवर सप्लाय) ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, त्याला स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची लाट कधीकधी चालत नाही. तिथं प्युअर साईन वेव्हचाच यूपीएस लागतो आणि तो स्वस्तात येत नाही, त्यासाठी पैसे साठवा.

बॅटरी फुगलेली दिसली, गरम लागली किंवा वास आला तर त्याच क्षणी बंद करा, प्लग काढा, आणि परत चार्ज करून बघायचा मोह आवरा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी बॅटरीच्या दुकानात विचारा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं जुना माल परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांची आहे, आणि नवीन घेताना जुनीचे पैसे बहुतेक दुकानं वजा करतात. मागच्या वेळी मला तर ते सांगितलंच नाही, मी विचारल्यावर बिलात कमी केले.