जुना क्रोम मायक्रोफोन: पॉलिश लावण्याआधी

जुने क्रोम माईक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शूअर या अमेरिकन कंपनीचा ५५ युनिडाइन येतो, उभ्या पट्ट्यांच्या जाळीचा. तो १९३९ साली बाजारात आला. आज जास्त दिसतो तो १९५१ नंतरचा लहान आकाराचा ५५एस. त्याच रूपाचे नवे मॉडेल अजूनही विकले जाते, म्हणून जुन्याची किंमत मोजण्याआधी माईक उलटा करून बघा. खाली आजची तीन पिनांची एक्सएलआर जोडणी असेल, तर तो नवा असण्याचीच शक्यता जास्त.

घरी आणल्यावर स्टीलवूल अजिबात वापरू नका. क्रोमवर ओरखडे पडतातच, पण खरा धोका आत आहे: हे माईक डायनॅमिक, म्हणजे चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारे, आणि त्यांत ताकदवान चुंबक असतो. स्टीलवूलच्या तारांचा बारीक चुरा तो जाळीतून आत ओढून घेतो आणि मग हा चुरा काढणे महाकठीण. द्रवही थेट फवारू नका. मऊ कापड साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, पट्टी-पट्टी पुसा, लगेच कोरडे करा. खाचांतली धूळ मऊ ब्रशने, जाळी खाली धरून झटका.

क्रोमवर बारीक खड्डे पडले असतील तर ते पॉलिशने जात नाहीत. पुन्हा क्रोम चढवण्याचा मोह मात्र टाळा. माझ्या मते मूळ मुलामा, डागांसकट, जास्त मोलाचा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात काचेच्या कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वरचेवर बदला.