कमोडोर ६५: बाजारात न आलेला संगणक आज कसा चालवावा

कमोडोर ६४ चा वारसदार म्हणून आखलेला कमोडोर ६५ हा घरगुती संगणक कंपनीने १९९१ मध्ये अर्ध्यावर सोडला आणि १९९४ मध्ये कंपनी बुडाल्यावर त्याचे मोजके नमुने विकले गेले. असा नमुना सोलापुरात हाती येणे जवळपास अशक्य आहे. तरीही साध्या संगणकावर त्याची नीट ओळख करून घेता येते आणि संगणक शिकणाऱ्याने ती अवश्य करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

प्रथम झेमू हा मोफत एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा कार्यक्रम, उतरवून घ्यावा. त्याला मूळ रॉम, म्हणजे यंत्राच्या कायमस्वरूपी स्मृतीतील मजकुराची फाइल, लागते. ती कोठूनही न उचलता क्लोआंटो कंपनीच्या सी६४ फॉरएव्हर या परवानाप्राप्त संचातून घ्यावी. यंत्र सुरू होताच पडद्यावर ‘डेव्हलपमेंट सिस्टिम’ हे शब्द आणि बेसिक १०.० या यंत्रातील प्रोग्रामिंग भाषेचा आवृत्तीक्रमांक दिसतो. तो क्रमांक वहीत लिहून ठेवावा, कारण रॉमच्या आवृत्त्या अनेक आहेत आणि एकीत चालणारी आज्ञा दुसरीत अपुरी असू शकते. अवतरणचिन्ह शिफ्ट आणि २ दाबून मिळते. नवशिक्यांचा वेळ बहुधा येथेच जातो.

सरावासाठी आपल्या चादरीची नक्षी घ्यावी. पारंपरिक जॅकार्ड मागासाठी नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवून त्यावरून पुठ्ठ्यांना भोके पाडतात. तसाच कागद आखून भरलेल्या घरासाठी १ आणि रिकाम्या घरासाठी ० असे आकडे डेटा ओळींत लिहावेत, रीड आज्ञेने ते वाचावेत आणि १ आल्यास उलट रंगातील मोकळी जागा, ० आल्यास साधी मोकळी जागा छापावी. कार्यक्रम डिस्क-प्रतिमेवर, म्हणजे फ्लॉपी डिस्कचे काम करणाऱ्या फाइलीत, जतन करावा. नंतर ‘गो ६४’ ही आज्ञा देऊन, खात्रीच्या प्रश्नाला वाय हे उत्तर द्यावे आणि तोच कार्यक्रम जुन्या यंत्राच्या, म्हणजे कमोडोर ६४ च्या, रूपात चालवावा. ८० स्तंभांच्या पडद्यावर अरुंद दिसलेली नक्षी येथे ४० स्तंभांत रुंद होते आणि दोन पिढ्यांतील अंतर डोळ्यांना दिसते.

ग्राफिक्सच्या आज्ञा शेवटी घ्याव्यात. यंत्रातील पडद्यावरचे चित्र घडवणारी व्हिक-३ चिप ४०९६ रंगांतून निवडलेले २५६ रंग एकाच वेळी दाखवू शकते, पण बेसिक पूर्ण होण्याआधीच काम थांबले. त्यामुळे एखादी आज्ञा त्रुटी दाखवून अडली, तर आधी आपले टंकन तपासावे, मग ती आज्ञा आवृत्तीक्रमांकासह वहीत नोंदवावी आणि यंत्र पुन्हा सुरू करून जतन केलेला कार्यक्रम उघडावा.